आठ ते नऊ

गंगावेशीच्या कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या राहतात
रस्त्याला लागून, स्कूटरींच्या गर्दीत, निवांत.
गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं,
धार थेट काचेवर वाजते.
आप्पा तिथंच लोखंडी खुर्चीत बसलेला असतो,
चाळीस वर्षं ज्यांनी धारा काढल्या
ते दोन्ही हात मांडीवर ठेवून.
उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहतो
न दिसणारं आचळ पिळल्यासारखा.

आठला गोळी. गोळीनंतर तासभर दूध नाही.
हे मी सांगते, यल्लाप्पा गवळ्याची पोर,
दसरा चौकात औषधाच्या काउंटरवर उभी राहणारी.
"दुधानं काय हुतंय गं?"
आप्पा, दुधातलं सत्त्व आणि गोळीतलं औषध
एकाच दारानं आत जातात.
दार अरुंद, दूध पैलवान. ते आधी घुसतं.
तो हसला. "घुसंल की. म्हशीचं हाय ते."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं होतं:
दोन टोकं, मध्ये फट,
एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढी.
या काठाचा निरोप त्या काठाला
थेंबांनी जातो.
आप्पानं चिठ्ठी उलटसुलट करून परत दिली.
मग मी गोठ्याच्या भाषेत सांगितलं.
मेंदूच्या तळाशी एक काळा गोठा आहे,
खरंच काळा, तिथल्या पेशींचा रंगच तसा.
तिथं पान्हा सुटतो,
थेंब पलीकडं पोचतो,
तेव्हा हात हाताचं ऐकतो.
तुझ्या गोठ्यातल्या निम्म्याहून जास्त आटल्या
तेव्हा कुठं तुझा अंगठा हलायला लागला.
"आन् मला पत्त्या न्हाई?"
राखणीत चूक झाल्यासारखा
तो पायाकडं बघत राहिला.

गोळी म्हणजे वैरण, मी म्हटलं.
उरलेल्या म्हशी ती खाऊन दूध करतात.
सकाळची छोटी गोळी मांजर हाकलते,
सांडलेला थेंब चाटून टाकणारं.
आणि तिसरी. तिसरी थेंब नव्हे, थेंबाचं सोंग,
पलीकडच्या काठाला खरंच वाटतं.
"पेंढ्याचं रेडकू," आप्पा म्हणाला.
बिजलीचं रेडकू मेलं तेव्हा
त्याच्याच कातड्यात पेंढा भरून
त्यानं रात्रभर सुतळीनं शिवलं होतं.
पहाटे तिनं हुंगलं, चाटलं, पान्हावली.
फसली ती?
आप्पा बराच वेळ गप्प.
"फसत न्हाई. तिला ठावं असतंय.
कास जड झालेली असती,
कारण पायजे असतंय तिला."

माझ्या पुस्तकात हे कुठं नव्हतं.

वैरण जास्त झाली की अंग डोलतं,
नवं गिऱ्हाईक म्हणतं, म्हातारा टाकून आलाय.
कमी पडली की उंबऱ्याशी पाय शिवल्यासारखे.
परवा तसंच झालं.
मी खुंट्याचं दावं सोडून
त्याच्या पायापुढं आडवं टाकलं.
त्यानं दाव्याकडं पाहिलं, आणि ओलांडलं.
सपाट जमिनीनं जे दिलं नाही
ते अडथळ्यानं का दिलं,
मला नीट सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मी सांगतच नाही:
वैरणीनं आटलेली म्हैस परत येत नाही.
गोळ्या चालू असतात,
गोठा रिकामा होत असतो.

साडेआठ. अंगठा मंदावतो.
आप्पा उठतो, बिजलीच्या नातीच्या कुशीला कपाळ टेकतो,
उकिडवा बसतो.
पहिली धार जमिनीवर, दुसरी मनगटावर,
तिसरी ग्लासात.
मग हात आपला आपण चालू लागतो,
मी मध्ये बोलत नाही.

भरलेला ग्लास तो माझ्याकडं देतो, मुकाट्यानं,
आणि मी त्यावर बशी झाकते.
नऊला दहा कमी.
बशीखाली फेस फुटत राहतो,
कान दिला तर ऐकू येतो.